न उमटणारा अंगठा

महिन्याची तीस तारीख. मिळायचं होतं माणशी पाच किलो धान्य, आणि रेशनच्या दुकानासमोर आम्ही सातजण उभे होतो. माझ्यापुढे फरशी बसवणाऱ्या एका बिहारी गड्याची बायको होती, चार घरची भांडी घासणारी. मशीनवर तिचा अंगठा उमटेना. घासून घासून रेषाच झिजल्या होत्या.

"आज शेवटचा दिवस आहे बाई. ठसा नाही तर धान्य नाही," दुकानदार म्हणाला.

माझ्यामागून कलाबाई कडाडल्या, "बाहेरून यायचं आणि फुकटचं खायचं! जरा कामं करा म्हणावं."

"करते ना, मावशी. म्हणून तर उमटत नाही," ती मागे न बघता म्हणाली.

मग कलाबाईच पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतःचं डोकं तिच्यापुढे वाकवलं. "घास इथं. सकाळीच तेल चोपडलंय." तेलकट अंगठा मशीन लवकर घेतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ठसा उमटला, तशा दोघी हसल्या.

माझा अंगठा पहिल्याच खेपेला उमटला. दुकानांचे हिशेब लिहिणाऱ्याचा अंगठा तो, झिजणार कशाने? कुणाला डोकं पुढे करावं लागलं नाही.

रांगेत प्रत्येकाला आपल्या पुढचा माणूस जास्तीचा वाटतो. मलाही वाटतो. घरी मात्र आता माझ्या पुढेही कुणी नाही आणि मागेही.

अखेर दिलं गेलं ते असं: तिला तीन माणसांचं पंधरा किलो, मला एकट्याचं पाच.