हिरा, बिजली आणि सासूबाई

आमचा घोडा हिरा म्हातारा झाला आहे, ही गोष्ट हिरा सोडून घरातल्या सगळ्यांना मान्य होती.

त्याच्या मते तो पूर्वीसारखाच चालत होता. (यात थोडं तथ्य होतं. तो तरुणपणीही असाच चालायचा!) मी गिरगावातून बग्गी जोडून कोर्टात निघालो की माझे पक्षकार पायी निघून मला वाटेत गाठत आणि "येताय ना वकीलसाहेब? आम्ही होतो पुढे" असं म्हणून खरोखरच पुढे होत. त्यात हिऱ्याचा एक नियम होता. रस्त्यात जनावरांसाठी बांधलेला हौद दिसला की थांबायचं. तहान असो वा नसो! आणि मुंबईत दानशूर मंडळी फार, त्यामुळे हौदही फार.

"विकून टाक तो घोडा," भाऊकाका रोज म्हणत. भाऊकाका म्हणजे माझे धाकटे चुलते. मुक्काम कायम आमच्याकडे. "आणि ती बग्गीही दे त्याच्याबरोबर. टपातून आभाळ दिसतं!"

मी दोन्ही बाजूंनी विचार करत होतो, म्हणजे काहीच करत नव्हतो. पण मग यमुनेचे, माझ्या बायकोचे, दिवस भरत आले. पहिलटकरीण, बाळंतपण माहेरी, परळला व्हायचं. सासूबाई तिला न्यायला येऊन बसल्या आणि प्रश्न तातडीचा झाला.

"हिऱ्याला घेऊन परळ?" काका म्हणाले. "भायखळ्याच्या हौदावर बारसं उरकावं लागेल!"

"हिराच बरा," यमुना आतून म्हणाली. "धक्के देत नाही."

तिचं कोण ऐकतो! मी भायखळ्याच्या तबेल्यात गेलो. तिथल्या व्यापाऱ्याने एक काळीभोर घोडी पुढे आणली. "वकीलसाब, ये घोडी नहीं, बिजली है!" तिचं नावही बिजलीच होतं. त्याने आपली नवीकोरी बग्गी तिला जोडून दिली. म्हणाला, दिवसभर चालवून पाहा, पसंत पडली तर ठेवा.

सकाळी गाडी दारात उभी केली, तेव्हा सगळी वाडी पाहायला जमली. मी सासूबाईंना म्हणालो, "चला, चौपाटीपर्यंत एक फेरी मारून येऊ. तुमची खात्री झाली की दुपारी यमुनेला घेऊन निघू."

"जावईबापू, हळू हं," म्हणत त्या छत्री घेऊन चढल्या.

"अहो, घोडी अगदी गरीब आहे!" मी म्हणालो आणि जमलेल्या मंडळींकडे पाहत चाबूक हवेत फिरवला. नुसता हवेत!

पुढचं मला तुटक तुटक आठवतं.

"जावईबापू, चौपाटी गेली!"

"हो."

"मग थांबवत का नाही?"

"थांबवतोय!" (लगाम मी इतका खेचला होता की जवळजवळ उताणा पडलो होतो. बिजलीला ते उत्तेजन वाटलं असावं.)

महालक्ष्मी आली. सासूबाई म्हणाल्या, "निदान नमस्कार तरी करू द्या!" त्यांनी हात जोडेपर्यंत देऊळ मागे पडलं होतं, बिचाऱ्यांनी पाठीमागे वळून नमस्कार केला. मी मात्र पुढे बघूनच देवीला नवस बोललो.

बिजली थांबली ती थेट वरळीच्या कोळीवाड्यात, आणि तीही वाळत घातलेल्या बोंबलांच्या आडव्या दोऱ्यांमुळे! चाक वाळूत रुतलं, पट्टे तटातट तुटले. बिजली मोकळी होऊन आल्या वाटेने तबेल्याकडे निघून गेली. गळ्यात बोंबलांची माळ होती. मी वाळूत. सासूबाई सुकटीच्या ढिगावर. छत्री मात्र डोक्यावर उघडी!

एक कोळीण धावत आली. "काय रं, डोले फुटले का तुजे? माजे बोंबील!" मग तिचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. "अगो बाय! आन् या माऊलीला घेऊन कुठं निंगाला व्हतास?"

"ते घोडीला माहीत," मी म्हणालो.

तिचं नाव धाकलीबाय. बोंबील विसरून तिने सासूबाईंना उठवलं, पाणी पाजलं. तिची मासळीची बैलगाडी परळच्या बाजाराला निघाली होती, तिच्यात आम्हाला घेतलं; बग्गी वाळूतच राहिली. आमच्या सासूबाई सोवळ्याच्या कडक! वरळी सुटेपर्यंत त्यांनी पदराने नाक गच्च धरलं होतं. पण धाकलीबायने बाळंतपणाचा विषय काढला, आणि लालबाग येईपर्यंत पदर खांद्यावर गेला होता. दोघी मिळून मला नावं ठेवत होत्या.

परळला सासुरवाडीच्या दारात बैलगाडी थांबली, तेव्हा समोर आमची गळकी बग्गी उभी होती. हिरा हरभरे खात होता. ओट्यावर भाऊकाका घाम पुसत बसले होते.

"होतात कुठे तुम्ही?" ते ओरडले. "मुलगी झाली!"

आम्ही भरधाव निघून गेलो आणि मागे घरी यमुनेला कळा सुरू झाल्या. ठरलेली सुईण परळची. वाट पाहण्यात अर्थ नव्हता. माझी आई आणि यमुना मागे, काका पुढे, अशी हिऱ्याची गाडी निघाली.

"मी नुसता लगाम धरून बसलो होतो," काका म्हणाले. "चाबूक उचलायची गरजच पडली नाही. आणलं ते हिऱ्यानेच." हिऱ्याबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला बरा शब्द!

दाराआडून यमुनेचा थकलेला आवाज आला, "प्रत्येक हौदाला थांबला हो. तेवढाच मला जरा दम खाता आला. धक्का म्हणून बसला नाही."

मी बाहेर येऊन हिऱ्याच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, वास घेतला आणि तोंड फिरवलं. तरी मी हात काढला नाही. बायको सुखरूप, मुलगी सुखरूप, सासूबाई एकसंध. माणसाला आणखी काय हवं?

सासूबाई डोक्यावरून नाहून आल्या (वास पुरता गेला नव्हता), ओवरीत टेकल्या. काकांनी विषय काढलाच. "मग काय ठरलं? ठेवायचं की बदलायचं?"

"घोडा राहू दे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "गाडीही राहू दे. हाकणारा तेवढा बदला!"

आई हो म्हणाली, काका हो म्हणाले, आतून यमुनाही हो म्हणाली. आरोपीच्या बाजूने बोलायला तिथे एक वकील हजर होता. तोही हो म्हणाला.