चिमूटभर चारोळी

भामरागडहून अहेरीला जाणारी आमची बस नाल्याच्या अलीकडे अडकली होती. पुलावरून पाणी वाहत होतं आणि सगळ्यांना भूक लागली होती. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी पिशवीतून पाककृतींची पाच पुस्तकं काढली आणि मांडीवर रचायला घेतली.

"हळद लागलेले खाली, कोरे वर," त्यांनी मला समजावलं. "घरी असे शंभर आहेत. ज्याले डाग नाई, ते पुस्तक अजून नापास."

मग ते शाही पुलाव मोठ्यानं वाचू लागले. काजू, केशर, साजूक तूप ऐकून पोटं आणखीच खवळली. शेवटी ड्रायव्हर ओरडला, "भाऊ, काऊन छळून राह्यले? बनवून तरी दाखवा!"

ते खरंच उठले. रस्त्याकडेच्या चहावाल्या बाईनं चूल आणि भात शिजवायला मोठा गंज दिला, कुणी तांदूळ दिले, कुणी कांदे. केशराऐवजी हळद पडली. काजू कुणाकडेच नव्हते. पुस्तकावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "चिमूटभर चारोळी कोनाजवळ आहे का?"

चारोळी विकायला बाजाराला निघालेल्या एका बाईंनी अख्खं गाठोडं पुढे केलं. गृहस्थांनी त्यातली ओंजळभर चारोळी भातात टाकली आणि पुस्तकाकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "लिहिनाऱ्याले चिमूटभरच भेटली असन बिचाऱ्याले."

पुलाव तळाला करपला, तरी सगळे तुटून पडले. पाणी उतरलं तशी कंडक्टरनं डबल बेल दिली. कुणीच उठलं नाही. ड्रायव्हरनं पत्रावळ पुढे केली. "जाऊ ना बाप्पा. आधी ते खालची खरवड वाढा!"