खिशातला टोमॅटो

दौंड आणि शिरूर या दोन्ही तालुक्यांत मिळून सुरीतलं माझ्या साडूंइतकं कुणाला कळत नाही, आणि त्यांच्याइतकी कमी भाजीही कुणी चिरलेली नाही, असं मी चारचौघांत कित्येक वर्षं सांगत आलो. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीतली शिफ्ट सुटली की ते सुरी शोधायला निघत. दौंडची दुकानं पालथी घालून झाली, तेव्हा एसटीने आमच्या शिरूरला येऊ लागले. रुखवतात आलेली भक्कम विळी घरात असताना हा माणूस सुरीच्या मागे का लागला, हे देवालाच ठाऊक.

दुकानात आधी ते सुरी एका बोटावर आडवी तोलून धरत. मग पातं मुठीत शेवटपर्यंत गेलंय की अर्ध्यातच संपलंय, ते डोळा बारीक करून बघत. "अर्ध्या पात्याची सुरी म्हंजी इलेक्शनपुरता कार्यकर्ता. भोपळा आला की निसटतो," असं त्यांचं मत. शेवटी खिशातून पिकलेला टोमॅटो निघे. न दबता चिरला तर सुरी पास, दबला की नापास. वर्षभर सगळ्या नापासच होत होत्या. आमच्या पेठेतला भांडीवाला त्यांना लांबूनच म्हणे, "या पावणं. आज सुरी बघणार का कोशिंबीर करून जाणार?"

साडू शांतपणे विचारत, "मीठ हाय का?"

एकदा मांडवगण फराट्याला लग्नाला जाताना एसटीच्या गर्दीत तो टोमॅटो खिशातच फुटला. पांढऱ्या शर्टावर, बरोबर काळजापाशी, लालभडक डाग. कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली. "कुणी मारली सुरी, मामा?"

"कुणी न्हाई. सुरी अजून बघायचीच हाय," साडू म्हणाले.

हा किस्सा मी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तिखटमीठ लावून सांगितला. त्यांच्या भावजया पोट धरून हसत, साडूही हसत. मेव्हणी तेवढी उठून आत जाई. मला वाटे, नवऱ्याची लाज वाटते बिचारीला. पुढे एक सुरी पास झाली, तेव्हा मी त्यांच्याकडे पेढेही मागितले.

साडू गेल्यावर महिन्याभराने दौंडला गेलो. मेव्हणी ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून कांदा चिरत होती. विळी कुठं गेली, मी सहज विचारलं.

"मला कुठं खाली बसता येतंय, दाजी? पस्तिशीतच गुडघे गेले. बोटांतबी जोर न्हाई, म्हणून दाबावी लागंल ती सुरी त्यांना चालायची न्हाई. एकत्र घर व्हतं. जावांना कळलं असतं तर सैपाकघर हातातनं गेलं असतं. कुणाला सांगायचं न्हाई, अशी शपथच घातली व्हती मी."

"मग सुरी मिळेपर्यंत?"

"पहाटं, घर उठायच्या आत, तेच विळीवर बसायचे. समदी भाजी चिरून ठिवायचे. सुरी आली तवा मी जावांना म्हणाले, ह्यांचा येडेपणा हाय, वापरावी लागतीया. कुणाला शंका आली न्हाई. तुमी किस्से सांगून ठिवलेच व्हते."

तिने परातीतला टोमॅटो घेतला, त्यावर सुरी टेकवली. टोमॅटो दबला.

"धार तेच लावायचे," ती म्हणाली.

मी ती सुरी फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली. शिरूरला धार लावून आणतो म्हणालो. निघताना परातीतला एक पिकलेला टोमॅटो उचलून खिशात टाकला. एसटीत बसायला जागा नव्हती. घरापर्यंत उभ्यानेच आलो, खिशावर हात धरून.