खाडीची काळी माती

ओहोटीला खाडीकडून चिखलाचा वास आला की मला माझी शेवंती आठवते. मी तेव्हा घाटावरून पनवेलला आलेली नवी सून; आमच्याकडे काळी माती म्हणजे सोनं. सासूबाई माहेरी गेल्याचं साधून मी परसातलं त्यांचं लाडकं अळू उपटलं, चांदणीच्या आकाराचा वाफा आखला आणि मीठ विकणाऱ्या बाईकडून खाडीकाठची काळीभोर माती मागवली. “वयनी, या मातीत काय लावनार?” “शेवंती,” मी ऐटीत म्हणाले. ती फाटकापर्यंत हसत गेली. मला वाटलं, फुलांची हौशी दिसते. सासूबाई परतायच्या आत फुलं यायला हवी होती. रोपं मात्र करपत चालली. मी दुप्पट पाणी घातलं, तर वाफ्यावर पांढरी पूड दिसायला लागली. चुना म्हणावा की करणी, काही कळेना. शेजारणीवर संशयही घेऊन झाला. सासूबाई आल्या, वाकल्या, पूड बोटावर घेऊन जिभेला लावली आणि शांतपणे म्हणाल्या, “अळू गेलं, पण घरचं मीठ आलं.” ती माती उपसून टाकली; आता तिथे पुन्हा अळूच आहे. तरी आमटी अळणी झाली की घरातले सगळे माझ्याकडे बघतात, आणि मी परसाकडे.