विहिणीच्या छातीवर

पेठकडच्या निम्म्या पोरासोरांना आपणच या जगात आणलं, असं भागीबाई सुईण छाती फुगवून सांगायची आणि ऐकणारे मुकाट मान डोलवायचे. मूल बाहेर आलं की लगेच ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं, खसाखसा पुसायचं आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, ही तिची रीत. त्या पहिल्या आंघोळीचा मान सुइणीचा, आणि या मानासाठी ती कुणाशीही कचाकचा भांडली असती.

लेक पल्लवी बाळंतपणाला माहेरी आली आणि दिवस भरायच्या आतच मोकळी झाली. नातीला आंघोळ भागीबाईनेच घातली. भर थंडीचे दिवस, पोर मुठीएवढी. अंगावरून पाणी गेलं तशी ती रडायची थांबली, तळपाय निळे पडले, शेगडीनेही ऊब धरेना. तिकडे पल्लवीचा रक्तस्राव थांबेना. जीप करून दोघींना नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आणलं. पल्लवीची सासू यशोदाबाई तिथेच येऊन थडकली.

"आंघोळ कुणी घातली हिला?" नर्सने विचारलं. भागीबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

"बाळाला उघड्या छातीशी धरायचं. कातडीला कातडी लागली पाहिजे. आईला उठवत नाही, तेव्हा आजीने धरायचं," नर्सने सांगितलं.

"चारचौघांत चोळी सोडून बसू? अशानं कुठं पोर तगतं का?" भागीबाई फणकारली. "शेगडी आणा!"

तोवर यशोदाबाईने पडद्याआड चोळीची गाठ सोडलीसुद्धा होती. पोर तिच्या छातीवर पालथी पडली, वरून चादर आली.

झालं! भागीबाईच्या पोटात जो जाळ पेटला तो विझेचना. आपल्या लेकीचं लेकरू, आणि मिरवतेय कोण? पोरीचे पाय गुलाबी झाले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच घटकेला ती दुप्पट जळाली. विहिणीच्या चोळीत तंबाखूची पुडी असते, अशी चुगलीही तिने नर्सकडे केली. नर्सने पुडी काढायला लावली, पोर मात्र तिथेच ठेवली.

शेवटी यशोदाबाईच म्हणाली, "विहीणबाई, माझी पाठ लय धरली. तुमी घ्या ना जरा."

भागीबाईने तोंड वाकडं केलं, पण हात आधीच चोळीकडे गेले होते. पोर तिच्या छातीला चिकटली, इवलंसं नाक गळ्याशी आलं, ऊन ऊन श्वास लागला. इतकी मुलं तिने ओल्या हातांनी धरली आणि दुसऱ्याच्या हवाली केली. एकही अशी तिच्या अंगावर विसावली नव्हती.

यशोदाबाई चहा पिऊन आली. "द्या आता."

"निजलीय. उठंल ती," भागीबाई म्हणाली. मग जेवणाची वेळ झाली तरी तिचं उत्तर तेच.

पल्लवीला उठता येऊ लागलं, तशी ती भिंतीला धरत धरत आली. "आई, दे गं माझी पोर."

भागीबाईने नात तिच्याकडे दिली. पोर आईच्या छातीशी लागली मात्र, मान वळवून दूध शोधू लागली. यशोदाबाईने पदर डोळ्यांना लावला. भागीबाई चोळीची गाठ मारत लेकीकडे बघत होती, आणि विहिणीचा कधी वाटला नव्हता इतका हेवा तिला पोटच्या पोरीचा वाटला.