देवीचा कौल

वडील टेंभुर्णीत हमाली करायचे, आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. त्या कमाईत बारावीनंतर सोलापूरला शिकायला येणं ही चैनच होती. आज इथल्या फुलबाजारात ओल्या शेवंतीचा वास आला आणि गावातलं देवीचं देऊळ डोळ्यांसमोर उभं राहिलं.

मला कॉलेजात घालावं का, हे वडील देवीला विचारणार होते. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली शेवंती चिकटवली. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी डोळे ताणून बघत होते. उजवं फूल मोठं आहे, जड आहे, तेच आधी निसटेल, असा माझा हिशोब चालला होता. शेजारी धाकटी सुमन डोळे मिटून निवांत बसलेली.

उजवं फूल पडलं.

“दिला की कौल!” वडील ओरडलेच.

“मला ठावं हुतं, आक्का,” सुमन म्हणाली.

“डोळं तरी उगडलं हुतंस का गं?”

“कशाला? देवीवर पाळत ठिवायची असती व्हय?”

मला तिचा रागच आला. आता कळतं, तो हेवा होता. आम्ही एकाच आईच्या. पण मला तपासून बघितल्याशिवाय करमत नाही आणि तिला न बघताच शांत झोप लागते. एवढी पुस्तकं वाचली, पण तिची ती झोप मला मिळाली नाही. हेवा अजून आहे.

त्या वर्षी मी कॉलेजात गेले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी आहे.