ट्रिंगताईंची साक्ष

सायकलच्या घंट्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात ट्रिंगताईंचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. सव्वीस वर्षं त्या शेवटच्या टेबलाशी बसून तयार घंटी उचलायच्या, अंगठ्याने खटका दाबायच्या आणि आवाज विरेपर्यंत कान देऊन ऐकायच्या. वाटीला केसाएवढी चीर असली तरी त्यांना ती ऐकू यायची. अंगठ्याला असा घट्टा पडला होता की बँकेतल्या यंत्राने दोनदा त्यांना ओळखच दाखवली नाही.

मग बाजारात परदेशी घंट्या आल्या. इतक्या स्वस्त की त्या भावात इथे नुसत्या वाटीचा पत्राही मिळेना. ज्या देशात त्या बनत, तिथल्या दुकानातसुद्धा त्या एवढ्या स्वस्त नव्हत्या, आणि खरी गोम तिथेच होती. वर्षभरात कारखान्यातली दुसरी लाइन बंद पडली, अकरा बायका घरी बसल्या. शेवटी मालकांनी आणखी दोन कारखानदार सोबत घेऊन सरकारकडे अर्ज केला, की हा माल मुद्दाम पडेल भावात इथे ओतला जातोय, चौकशी करा आणि त्यावर जादा शुल्क लावा.

चौकशी लागली तशी आयातदारांनी शक्कल लढवली. आमची घंटी ही मुळात वेगळीच वस्तू आहे, असं त्यांनी लिहून दिलं. वस्तूच वेगळी, तर तुलना कसली आणि तक्रार कसली? आता मालकांच्या वकीलबाईंना असा साक्षीदार हवा होता, जो छातीठोकपणे सांगेल की दोन्ही घंट्या सारख्याच. मालकांनी ट्रिंगताईंना पुढे केलं.

इथेच घोडं अडलं.

"सारख्या?" ट्रिंगताई म्हणाल्या. "आपली घंटी आणि ते डबडं?"

वकीलबाईंनी तासभर समजूत घातली. सारख्या म्हटलं तरच आपण जिंकू, हे ताईंच्या डोक्यात शिरलं, पण जिभेवर काही येईना. घरी त्यांच्या थोरल्या नणंदेने, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या वन्संनी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून चौकशीच्या साहेबांची भूमिका घेतली आणि सराव सुरू केला. 'दोन्ही सारख्या' म्हणायची वेळ आली की ताईंना ठसका लागायचा. चौथ्या ठसक्याला वन्संनी चष्मा काढून ठेवला. "वहिनी, खोटं बोलणं तुम्हाला जमायचं नाही. विचारतील त्याचं खरं उत्तर द्या आणि मोकळ्या व्हा."

सुनावणीला वन्संही निघाल्या. सोबत म्हणून, असं त्यांनी सांगितलं. खरं तर त्यांना सरकारी कचेरीची लिफ्ट पाहायची होती. दारावर तपासणीच्या पट्ट्यावरून ताईंची पिशवी सरकली आणि आतल्या सहा घंट्या एकदम वाजल्या. पहारेकरी दचकून मागे सरला. वन्संना जे हसू फुटलं, ते सहाव्या मजल्यापर्यंत काही आवरलं नाही.

खोलीत लांबलचक टेबल, फायलींचे ढीग आणि मधोमध चौकशी अधिकारी. इस्त्रीच्या शर्टाइतकाच ताठ माणूस. आयातदारांच्या वकिलांनी ताईंना पाठमोरं बसवलं आणि एकेक घंटी वाजवून विचारलं, की ही आपली की परदेशी? ताईंचा चेहरा उजळला. दहा वेळा विचारलं, दहाही वेळा त्यांनी बरोबर सांगितलं. पाचव्या वेळी वाजलेली परदेशी घंटी तर खटक्याकडे ढिली आहे, हेही वर सांगून टाकलं.

वकील अधिकाऱ्यांकडे वळले. "पाहिलंत ना साहेब? वस्तू वेगळ्या आहेत. त्यांच्याच साक्षीदाराने सिद्ध केलं."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. आपल्याच कानाने आपला घात केला, असं ताईंना वाटलं. घरी बसलेल्या अकरा जणी डोळ्यांसमोर आल्या. मग त्या उठल्या आणि साहेबांना म्हणाल्या, जरा त्या खिडकीपर्यंत चालून याल का?

साहेब गोंधळले, पण उठले. चार पावलं गेले असतील-नसतील, मागून परदेशी घंटी वाजली. साहेब टुणकन बाजूला झाले. ते परत फिरले, तेव्हा ताईंनी पाठीमागे जाऊन आपली घंटी वाजवली. साहेब पुन्हा टुणकन बाजूला.

"फरक माझ्या कानाला कळतो साहेब," ताई म्हणाल्या. "रस्त्याने चालणाऱ्याला एवढंच कळतं की मागून सायकल येतेय. आणि दुकानात माणूस घंटी मागतो. आमची की त्यांची, ते तो भाव पाहून ठरवतो."

साहेबांचा ताठपणा ओठांच्या कोपऱ्यातून सुटायला लागला. खात्री करायला हवी म्हणून त्यांनी आयातदारांच्या वकिलांनाही चालायला लावलं. तेही दोन्ही वेळा बाजूला झाले, एकदा तर थेट फायलींच्या ढिगात. मग वकीलबाई चालल्या, लघुलेखक चालला, आणि घंटी साहेबांनी स्वतः वाजवली.

चार महिन्यांनी निकाल लागला. परदेशी घंट्यांवर पाच वर्षांसाठी जादा शुल्क. वन्संनी तो मोठ्याने वाचून दाखवला. 'दोन्ही वस्तूंच्या आवाजातील फरक नगण्य आहे' या वाक्याशी येताच ताई ताडकन उठून स्वयंपाकघरात गेल्या. जिंकल्यावरही त्या दोन दिवस घुश्शात होत्या. नगण्य म्हणे.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या लाइनचे दिवे लागले आणि सगळा राग पळाला. अकरातल्या नऊ जणी परत आल्या. दोघींना तोवर बरी नोकरी मिळाली होती, तरी त्या पेढे खायला येऊन गेल्या. दुपारपर्यंत घंट्यांचा असा कल्लोळ उठला की मालकांना फोन ऐकू येईना, आणि त्यांनी तो आनंदाने बंद करून ठेवला. ताईंना त्यांनी डझनभर घंट्या बक्षीस दिल्या.

संध्याकाळी वन्सं त्यांना घ्यायला आल्या. दोघी घरी निघाल्या, तर पोस्टाच्या दाराशी पोस्टमन सायकलवर टांग टाकत होता. त्याने खटका दाबला. ताई जागच्या जागी थबकल्या.

"अहो भाऊ, थांबा जरा," म्हणत त्यांनी पिशवीतून पाना काढला. तो बिचारा हँडल धरून बघत राहिला आणि ताईंनी जुनी घंटी उतरवून नवी चढवलीसुद्धा. पैसे किती, असं त्याने भीत भीत विचारलं. पैसे नकोत, नुसती वाजवा, ताईंनी हुकूम सोडला.

पोस्टमनने वाजवली. त्याला ती आवडली असावी, कारण तो गल्लीच्या टोकापर्यंत वाजवतच गेला आणि मागे दोन कुत्री भुंकत धावली. वन्सं पोट धरून पोस्टाच्या पायरीवर बसल्या. ताई मात्र डोळे मिटून उभ्या होत्या, आवाज पुरता विरेपर्यंत.